इंजिन उघडण्याआधी

"बॅक मारायलंय सर. इंजिन खोलायला लागतंय."

बेळगाव-खानापूर भागात जुनी गाडी रोज पळवणाऱ्याने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. मिस्त्री इंजिन चालू ठेवून ऑइलचं टोपण काढतो आणि त्या भोकावर तळहात धरतो. हाताला गरम फुंकर लागते, थोडी धुराची रेघही दिसते, की निकाल लागला. ज्वलनकक्षातला वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि तिथून माघारी वर येतो, म्हणून ते 'बॅक कॉम्प्रेशन'. शब्द अगदी नेमका आहे. निकाल मात्र बहुतेकदा घाईचा असतो. नव्या कोऱ्या इंजिनातही थोडा वायू रिंगांखाली उतरतोच. त्याला परत इनलेटमध्ये नेऊन जाळायला एक नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह दिलेला असतो. ती नळी काजळीने तुंबली की धडधाकट इंजिनही तळहातावर फुंकर मारतं. त्यामुळे फुंकर आहे का, या प्रश्नातून काही हाती लागत नाही. नळी साफ केल्यावर ती किती उरते, कालच्यापेक्षा आज जास्त आहे का, हे विचारलं तर लागतं.

माझी गाडी तीन सिलिंडरची, पेट्रोलवरची, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेली. जांबोटी ते बेळगाव तिसेक किलोमीटर, जाऊन-येऊन साठ. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती चन्नम्मा चौकातल्या सिग्नलला उभी असताना थरथरू लागली आणि कुसमळीच्या पुढच्या चढाला दम टाकू लागली. तळहाताची परीक्षा झाली आणि 'फुल इंजिन काम' ठरलं. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जे तपासलं आणि त्यासाठी जे समजून घ्यावं लागलं, ते इथे मांडतो.

आधी एक भेद करायला हवा. इंजिनाचं म्हातारपण वेगळं आणि आजार वेगळा. म्हातारपण सगळ्या सिलिंडरांना सारखं येतं. बोअर थोडे रुंदावतात, रिंगांचा ताण जातो, ऑइल थोडं जास्त लागतं, ओढ थोडी कमी होते. आजार एका जागी बसतो: एक व्हॉल्व्ह, एक बेअरिंग, हेड पॅकिंगचा एक कोपरा. म्हणून एकट्या आकड्यावरून काहीच कळत नाही. पहिल्या सिलिंडरची दुसऱ्याशी, थंड इंजिनाची गरमशी, चढाची उताराशी तुलना करावी लागते, आणि फरक जिथे सापडेल तिथे बोट ठेवावं लागतं. सगळीकडे सारखाच थकवा असेल तर गाडी म्हातारी आहे. महिन्याला, म्हणजे दीड हजार किलोमीटरला, अर्धा लिटर ऑइल पाजून ती आणखी काही वर्षं खुशाल पळवता येते. हजार किलोमीटरला लिटरभर पिऊ लागली तर गोष्ट वेगळी. हे मोजतानाही ऑइलची पट्टी रोज त्याच सपाट जागी, त्याच वेळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बघायची. आमच्याकडे अंगणं उतरती. गाडीचं तोंड घराकडे असताना पट्टी एक बोलते आणि रस्त्याकडे असताना दुसरंच. दोन दिवसांत पाव लिटर ऑइल 'गायब' झालेलं मी स्वतः पाहिलंय. ते चेंबरमध्येच होतं.

आता आमच्या जांबोटीची हवा. जांबोटीपासून पुढे कणकुंबी, चोर्ला हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या माथ्यावरचा, मलप्रभेच्या उगमाचा. जून ते सप्टेंबर इथे कपडे वाळत नाहीत, तर इंजिनाच्या पोटात काय वाळणार! निदानातल्या निम्म्या चुका या ओलाव्यामुळे होतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, की सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर पाणी ज्वलनकक्षात जातंय, हेड पॅकिंग गेलं. पण पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होणारच. थंड दमट सकाळी ती सायलेन्सरच्या तोंडाशीच निवून पांढरी दिसते आणि इंजिन तापल्यावर नाहीशी होते. जी पांढरी वाफ वीस मिनिटांनंतरही जात नाही, जिला कूलंटचा गोडसर वास येतो आणि जिच्या जोडीला रेडिएटरमधलं पाणी उतरतं, तिची काळजी करावी.

ऑइलच्या टोपणाखाली जमणाऱ्या थराचंही तसंच. दुधाळ, पिवळसर, खव्यासारखा चिकट थर दिसला की मिस्त्री मान हलवतो: "पाणी ऑइलात मिसळायलंय." कधी खरंच मिसळत असतं. पण गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही, आणि आतल्या दमट हवेतलं पाणी सगळ्यात थंड जागी, म्हणजे टोपणाला, धरतं. पट्टी काढून बघावी. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी आणि थर फक्त टोपणाखाली असेल तर घाटातून एक लांब फेरी मारून परत बघावं. पट्टीसुद्धा दुधाळ निघाली तर मात्र इंजिन चालूच करू नये, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर टिकाव धरत नाही. या थराला जोड मिळते एका जुन्या खोडीची. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास. तो काढला की इंजिन कायम गार राहतं, थर वाढतो, ऑइलचा गाळ होतो, रिंगा काजळीने चिकटतात. मग खरोखरचं बॅक कॉम्प्रेशन सुरू होतं. उपायच आजार होऊन बसतो.

तापण्याबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण आतलं खरं नुकसान बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना नाही, साधारण साडेसत्त्याण्णवलाच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत ०.९ किलोच्या आसपास दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी ११५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकणाच्या आतलं रबर कडक झालं की हा दाब सुटतो. चढावर पाणी उकळून बाहेर पडतं आणि 'हेड गेलं' अशी हाकाटी होते. झाकण बदलून पाहणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. ते थंड इंजिनावर बदलायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसं प्रत्येक गावात असतात. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल (बऱ्याच जुन्या लहान गाड्यांत तसंच असतं) तर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एकदा नीट तापलं की हेड वाकतं. सरळ पट्टी आणि फिलर गेज घेऊन मोजलं तर ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो. म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीवर सगळं अवलंबून. म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: काटा कधी लालपर्यंत गेला होता का, आणि तेव्हा गाडी थांबवली की "आता जांबोटी आलंच" म्हणून दामटली?

रस्त्याकडे वळू. बेळगावचं पठार, मग कणकुंबीचं रान, पुढे चोर्ल्याला सुमारे आठशे मीटरवरून थेट गोव्याच्या केरीपर्यंत उतरण. निदानासाठी याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला आणि गाडी गिअरवर असते. थ्रॉटल बंद, त्यामुळे इनलेटमध्ये जोराचं शोषण तयार होतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं सील कडक झालं असेल तर वरचं ऑइल त्या शोषणाने गाइडमधून खाली ओढलं जातं. अंजुणे धरणाजवळ रस्ता सपाट झाला की ॲक्सिलरेटर दाबावा आणि आरशात पाहावं. निळ्या धुराचा एकच लोट येऊन थांबला तर संशय सीलवर. तेच परतीच्या चढावर, इंजिनावर भार असताना, निळा धूर सलग येत राहिला तर संशय रिंगांवर. रिंगा फारच झिजल्या असतील तर त्या उतारावरही ऑइल वर सोडतात, त्यामुळे हा नियम काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण सील बदलणं आणि पिस्टन काढणं यांतला खर्चाचा फरक पाहिला तर आरशात बघायला काही पैसे पडत नाहीत. काळ्या धुराची चर्चा इथे नकोच. तो जास्तीच्या इंधनाचा, आणि बहुतेकदा इंजिनाच्या पोटाशी त्याचा संबंध नसतो.

याच रस्त्याचे खड्डे आणखी एक आजार देतात, आणि तो कोणी लक्षात घेत नाही. दगडाने चेंबर खालून चेपतो. ऑइल गळत नाही, म्हणून माणूस निर्धास्त. पण ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर असते. तळ आत आला की जाळीचं तोंड दबतं आणि पंपाला ऑइल पुरत नाही. काही दिवसांनी खालून ठकठक येते आणि बेअरिंग गेल्याचं कळतं, तोवर दगड कोणाच्या आठवणीतही नसतो. गाडीखाली वाकून चेंबरवरून हात फिरवायला एक मिनिट लागतं. आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला नाही, म्हणजे ऑइलचा दाब ठीक, असंही नाही. तो दिवा दाब अगदी तळाला गेल्यावर, साधारण ०.३ किलोच्या आसपास, पेटतो. दिव्याचा स्विच काढून तिथे गेज लावावा. तापलेल्या इंजिनाला मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दोन-अडीच किलो मिळाले तर बेअरिंगांबद्दल बरंच निश्चिंत होता येतं. जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उलगडल्या तर आणखी कळतं. चुंबकाला चिकटणारी कणी पोलादाची किंवा बिडाची. न चिकटणारी पांढरट चमक पिस्टनच्या ॲल्युमिनियमची असू शकते. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचं तांबं लागलंय, आणि मग गाडी टोचन करून न्यायची, चालवत नाही.

आवाजाचं शास्त्र मिस्त्र्यांच्या कानात असतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेटचा आवाज हलका आणि वरून येतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याची लयही निम्मी. पिस्टनची खडखड थंड इंजिनाला असते आणि तापल्यावर विरते, कारण पिस्टन फुगून बोअर भरतो. ती वर्षानुवर्षं सोबत राहू शकते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची ठोक जड, खालून येणारी, आणि तापल्यावर ऑइल पातळ झालं की वाढणारी. ती पकडायची युक्ती म्हणजे एकेका सिलिंडरची ठिणगी काही क्षण बंद करून बघणं. ज्या सिलिंडरवर ठोक मऊ पडते, रॉड त्याचा. कॉइलच्या गाडीत हे कनेक्टर काढून करायचं. चालू इंजिनावर प्लगची वायर हाताने उपटण्यात शौर्य नाही, झटका आहे. आणि यातलं काहीही करण्याआधी इंजिन ज्यांवर टेकतं ती रबरी फाउंडेशनं बघावीत. रबर फाटलेलं फाउंडेशन सिग्नलला सगळी गाडी थरथरवतं आणि इंजिनावर आळ येतो. माझ्या गाडीत मी पहिला संशय तिथेच घेतला. फाउंडेशनं शाबूत निघाली.

पाण्यातून गाडी घातल्याचा इतिहास असेल तर आणखी एक शक्यता उरते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर शिरलं तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि रॉड वाकतो. इंजिन कधीकधी त्यानंतरही चालतं, म्हणून मालक विसरतो. वाकलेला रॉड आखूड होतो, पिस्टन पुरता वर येत नाही. प्लग काढून भोकातून लांब प्लास्टिकची नळी सोडावी, क्रँक हाताने सावकाश फिरवावा, आणि प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आला की नळीवर खूण करावी. एखाद्या सिलिंडरची खूण उरलेल्यांशी जुळत नसेल तर पुढच्या तपासण्यांची गरज नाही.

माझ्या तिन्ही खुणा जुळल्या. मग कॉम्प्रेशन गेज. ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक जण ती चुकीची करतात. इंजिन तापलेलं हवं, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग बाहेर, इंधन आणि ठिणगी बंद, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. हे शेवटचं राहून जातं. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिन नापास होतं. मग उंचीचा हिशेब. साडेसातशे मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे आठ टक्के कमी, आणि गेजचा आकडा त्याच प्रमाणात खाली येतो. खाली गोव्यातल्या साखळीत १२ किलो दाखवणारं इंजिन जांबोटीला ११ दाखवेल. व्हॅक्यूम गेजचंही तसंच: समुद्रकाठी १७ ते २१ इंच पारा हे निरोगी, इथे त्यातून अडीच इंच वजा. पुस्तकातला आकडा समोर ठेवून इथल्या गाडीला आजारी ठरवणं हे उंचीचा गुन्हा इंजिनाच्या माथी मारण्यासारखं आहे. सिलिंडर-सिलिंडरमधल्या फरकाला मात्र उंची लागत नाही. एक किलोहून जास्त फरक, की चौकशी सुरू.

माझे आकडे आले १०.८, १०.६ आणि ७.२.

इथे दोन गोष्टी बघायच्या. आकडा चढला कसा? पहिल्या दाबाला कमी आणि पुढच्या प्रत्येक दाबाला थोडा थोडा वर, तर रिंगा. पहिल्यापासून खाली आणि खालीच, तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. तिसऱ्याची सुई खालीच राहिली. दुसरी गोष्ट, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं, व्हॉल्व्हची बुजवत नाही. पहिले दोन सिलिंडर ११.६ आणि ११.४ पर्यंत चढले. म्हणजे थोडी झीज, वयाला शोभेल अशी. तिसरा ७.३. तिसऱ्याच्या रिंगा निर्दोष सुटल्या. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधलं पॅकिंग फाटलं असतं तर दोघंही पडले असते.

उरलेला खुलासा पंक्चरच्या दुकानात झाला. मिस्त्र्याने जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून त्याच्या लोखंडी कवचात ट्यूबचा व्हॉल्व्ह डकवून ठेवला होता. हे हत्यार कुठल्या कॅटलॉगात मिळत नाही. तिसरा पिस्टन वर, दोन्ही टॅपेट सैल, गाडी टॉप गिअरला, चाकांना दगड, क्रँकच्या नटावर पाना ठेवलेला नाही, कारण हवा भरताच क्रँक उसळतो. मग कंप्रेसरची हवा सोडली आणि आम्ही दोघं कान लावून फिरलो. टोपणाकडे फुंकर आली तर रिंगा, एअर फिल्टरकडे आली तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. तिन्हीकडे जवळजवळ शांत. सायलेन्सरच्या तोंडाशी सूं... असा बारीक आवाज. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. "रिंगांचं नव्हं ओ हे," मिस्त्री म्हणाला, आणि सायलेन्सरला कान लावून पुन्हा एकदा ऐकून आला.

डिझेलवाल्यांना एवढंच सांगतो: आकडे अडीच-तीन पट मोठे, त्यासाठी गेज वेगळा, आणि नोझलची टकटक हुबेहूब रॉडसारखी वाजते. जुन्या पंपाच्या इंजिनात पाइपाचा नट सैल करून सिलिंडर बंद करता येत असे. कॉमन रेलला तसं कधीही करू नये, तिथे हजार-दीड हजार बारचा दाब कातडीत घुसतो. आणि हल्ली पेट्रोलच्या गाडीचा प्रत्येक दोष वीस टक्के इथेनॉलवर ढकलतात. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने खराब होऊ शकतात, जुन्या गाडीचं मिश्रण थोडं पातळ होतं, मायलेज उतरतं. पण एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन साडेतीन किलोने पाडण्याचा दोष उसाला देता येत नाही.

हेड उतरवून उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडे नेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एकेकाळी ज्या शहरात सायकलचं दुकान घातलं, त्या बेळगावात आज इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत. हेड दुरुस्तीला कुठे लांब जावं लागत नाही. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घेतला. काठाला नखाएवढा तुकडा कुरतडल्यासारखा जळलेला. बोअरमध्ये टॉर्च मारला तर कंपनीत होन करताना पडलेल्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. 'फुल इंजिन काम' झालं असतं तर त्या रेघा घासून टाकल्या गेल्या असत्या.

व्हॉल्व्ह का जळाला, हे मला हेड हातात येईपर्यंत सुचलं नव्हतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं सातशे अंशांपर्यंत तापतं, आणि त्यातली बहुतेक उष्णता तो बंद होऊन सीटला टेकतो त्या क्षणांत सीटमध्ये उतरते. टॅपेटला कागदाच्या दोन पदरांएवढी फट ठेवायची ती त्यासाठी. सीट झिजते तशी ही फट कमी होत जाते. आधीच घट्ट बसवली असेल तर एक दिवस ती संपते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, उष्णता उतरायला जागा मिळत नाही आणि काठ जळतो. दोन वर्षांपूर्वी मीच एका गॅरेजात गाडी घेऊन गेलो होतो. टॅपेट टिकटिकतात, आवाज बंद करून द्या, म्हणून. त्यांनी करून दिला. मी खूश होतो.

नवा व्हॉल्व्ह, सीट कापून पेस्टने घासलेली, नवं पॅकिंग, टॅपेटला फिलर गेजने मोजलेली फट. तिसऱ्याचा आकडा १०.५. इंजिन आता थंडीत टिकटिकतं. परवा पहाटे जांबोटीत धुकं होतं. गाडी चालू केली तशी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली आणि शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "धूर मारायलीय ओ गाडी." कुसमळीच्या पुलापर्यंत वाफ थांबली होती.